दहापैकी किती?

गेल्या वर्षी एका महिन्यात मी सतरा वेळा आजारी पडलो. सोमवारी मला हृदयविकाराचा झटका आला, मंगळवारी दमा झाला, बुधवारी मी दारू सोडायला तयार नसलेला एक निवृत्त खलाशी होतो आणि गुरुवारी सकाळी, दूध यायच्या आत, माझी बायको वारल्याची बातमी मला अत्यंत हळुवारपणे सांगण्यात आली. ती त्या वेळी स्वयंपाकघरात पोहे परतत होती.

याला कारण माझी भाची मुक्ता. ती इथे एमबीबीएस झाली आणि तिने इंग्लंडात डॉक्टरकी करायची ठरवली. त्यासाठी प्लॅब नावाची परीक्षा द्यावी लागते. तिचा पहिला भाग पुस्तकी. दुसरा भाग मँचेस्टरला जाऊन द्यायचा. त्यात सोळा प्रसंग, प्रत्येकाला आठ मिनिटं आणि बहुतेक ठिकाणी समोर रोगी. हा रोगी खरा नसतो, पगारी नट असतो. रोग्याचं सोंग देऊन डॉक्टरांना शिकवण्याची ही युक्ती १९६३ साली लॉस एंजेलिसच्या हॉवर्ड बॅरोज या मेंदूच्या डॉक्टरांनी काढली. आमच्या ठाण्याच्या घरात ती पोचायला साठ वर्षं लागली, पण पोचली ती थेट माझ्या अंगावर.

“मामा, तू गणपतीत नाटकांत कामं करायचास ना?” मुक्ताने विचारलं.

“दुसरा शिपाई,” मी म्हटलं. “सलग चार वर्षं.”

“मग झालं तर!”

या परीक्षेत रोग ओळखण्याला जेवढं महत्त्व, जवळजवळ तेवढंच बोलण्याला. परक्या मुलखातल्या, परक्या रीतिरिवाजांच्या माणसाशी डॉक्टरने कसं बोलावं, याचं आता जगभर एक शास्त्र झालं आहे. त्याचे वर्ग असतात, पुस्तकं असतात, प्रमाणपत्रं असतात. मराठीत त्याला ‘आंतरसांस्कृतिक संवादकौशल्य प्रशिक्षण’ म्हणतात. (हा शब्द उच्चारून झाल्यावर कवळी जागेवर राहिली, तर दातांचा डॉक्टर चांगला समजावा.) हे प्रशिक्षण मी महिनाभर रोग्याच्या खुर्चीतून, तेही फुकट पाहिलं. आणि फुकट पासावर नाटक पाहिलेला माणूस टीकाकार झाल्याशिवाय राहत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आधी चांगलं सांगतो. आत येऊन स्वतःचं नाव सांगायचं, रोग्याचं नाव विचारायचं, त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल तेही विचारायचं, हे मला फार आवडलं. आमच्याकडे मी ज्या ज्या दवाखान्यात गेलो तिथे माझं नाव ‘पुढचे’ असं होतं.

पुढे मात्र एक बर्फाचा कार्यक्रम असे. रोग्याला स्वतःला काय वाटतं, त्याला कसली काळजी आहे आणि त्याची अपेक्षा काय आहे, या तीन गोष्टी विचारायच्याच. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा ‘आइस’ होतो. १९८४ साली पेंडलटन आणि मंडळींनी डॉक्टर-रोगी भेटीवर एक पुस्तक लिहिलं, त्यातून हे निघालं. कल्पना उत्तम. पण तिची ठाण्यातली तालीम अशी होई :

“आपल्याला काय वाटतं, हे कशामुळे झालं असावं?”

“ते मला कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?”

“बरं. कसली विशेष काळजी वाटते का?”

“तुमच्या फीची.”

“मामा! तिकडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरला फी नसते!”

“मग कसलीच नाही.”

“आणि आमच्याकडून अपेक्षा?”

“बरं करा. दुसरं काय?”

शिवाय ‘आय ॲम सॉरी टु हिअर दॅट’ हे वाक्य. परीक्षेच्या धास्तीने मुक्ता ते मिठासारखं पेरायची. छातीत दुखतंय, सॉरी. आई १९८८ साली गेली, सॉरी. दोन मुलगे आहेत, सॉरी. (या शेवटच्या सॉरीबद्दल मी आक्षेप घेतला नाही. ती माझ्या दोन्ही मुलांना चांगली ओळखते.)

हे सगळं गमतीचं झालं. माझं खरं भांडण सुरू झालं ते तिच्या क्लासच्या वहीतल्या एका पानावरून. त्या पानावर कोणत्या समाजाचा रोगी कसा वागतो याचा तक्ता होता. लग्नातल्या याद्यांत असतो तसा, डावीकडे नाव, उजवीकडे मानपान. मी साहजिकच आधी आपल्याला शोधलं. आपण ‘आशियाई’ या रकान्यात होतो. म्हणजे तुर्कस्तानपासून टोकियोपर्यंतची समस्त जनता आणि मी. आशियाई रोगी म्हणे डॉक्टरांच्या शब्दाबाहेर नसतो आणि त्यांच्या नजरेला नजर देत नाही. मला आमच्या वरच्या मजल्यावरचे बर्वे आठवले. बर्वे डॉक्टरांकडे जातात ते त्यांनी कोणतं औषध लिहावं हे सांगायला. तिथे नजरेला नजर देत नाहीत ते डॉक्टर.

असले तक्ते येतात कुठून? १९५२ साली मार्क झ्बोरोव्स्की नावाच्या संशोधकाने न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात आयरिश, इटालियन, ज्यू आणि पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेतच राहिलेल्या घरांतले रोगी दुखणं कसं सोसतात यावर लेख लिहिला. इटालियन आणि ज्यू दोघेही मोठ्याने विव्हळायचे. पण त्याने चौकशी केली तेव्हा निघालं ते असं : इटालियनाला दुखणं आत्ताच्या आत्ता थांबायला हवं असे. ज्यूला चिंता असे ती हे दुखणं कशाचं लक्षण आहे, पुढे काय वाढून ठेवलंय याची. ओरडणं एक, अर्थ दोन. एकाला गोळी दिली की तो गप्प, दुसऱ्याला गोळीने बरं वाटलं तरी त्याची झोप उडालेलीच. समाजावर शिक्का मारण्याची खोड या लेखातही होतीच. पण निदान या माणसाने लोकांना विचारलं होतं. पुढच्या तक्तेवाल्यांनी शिक्के तेवढे ठेवले आणि विचारणं गाळलं.

गाळत गाळत प्रकरण कुठवर गेलं पाहा. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या एका पाठ्यपुस्तकात कोणत्या समाजाचे रोगी दुखण्यात कसे वागतात याची यादीच दिलेली होती. त्यात असंही होतं, की मूळ अमेरिकन आदिवासी रोग्याला दुखणं आकड्यात सांगायला लावलं तर तो त्याच्या धर्मातला एखादा पवित्र आकडा सांगण्याचा संभव आहे! म्हणजे माणूस कळवळून ‘सात’ म्हणतोय आणि सिस्टर मनात म्हणतेय, असेल यांच्यात सातला महत्त्व. २०१७ साली त्यावर एवढा गदारोळ झाला की प्रकाशकांनी माफी मागून तो मजकूर काढून टाकला.

“म्हणजे शिकवूच नये का काही?” मुक्ता चिडून म्हणाली.

न शिकवल्याचे परिणामही मला दिसत होतेच. १९८० साली फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत इस्पितळात आणलं. घरचे स्पॅनिश बोलणारे. त्यांनी ‘इंतोक्सिकादो’ असा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातलं काहीतरी बाधलं, एवढाच. आपल्या आया नाही का म्हणत, ‘काहीतरी बाधलंय पोराला’? इंग्रजी कानांना त्यात ‘इन्टॉक्सिकेटेड’ ऐकू आलं आणि नशिल्या औषधांचा अतिरेक समजून उपचार सुरू झाले. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो कळेपर्यंत उशीर झाला आणि मुलाचे दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे गेले. पुढे सुमारे सात कोटी दहा लाख डॉलरची तडजोड झाली. एका शब्दाची एवढी किंमत क्वचितच कोणी मोजली असेल, आणि तीही पुरी पडलेली नाही.

म्हणून शब्दांपाशी थांबायला हवं, हे मला मान्य. दुखण्याच्या शब्दांची मोजदाद झालेलीही आहे. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली दुखणं मोजायची एक प्रश्नावली छापली, तिच्यात वीस गटांत मिळून अठ्ठ्याहत्तर शब्द आहेत. मुक्ताने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं तेव्हा आमच्या हिने पोळ्या लाटता लाटताच सुरुवात केली : “ठणकतं, सणकतं, ठसठसतं, चुरचुरतं, हुळहुळतं, बोचतं, कळ येते, चमक भरते, मुरडा येतो, पोटात कालवतं, अंग मोडून येतं, कसकस वाटते, जीव घाबरा होतो...” चार पोळ्या झाल्या तरी यादी संपली नव्हती. गळवाची ठसठस आणि दाताचा ठणका यांत जी घोटाळा करील ती आमच्या हिच्या मते सून म्हणून घरात घेण्याच्या लायकीची नाही.

एवढी शब्दसंपत्ती असलेली ही बाई. पण स्वतःवर पाळी आली की तिच्यापाशी एकच शब्द उरतो : ‘थोडं’.

त्या आठवड्यात आम्ही पोटाची प्रकरणं करत होतो. मी पित्ताशयातल्या खड्याचा रोगी दोनदा वठवला. उजव्या बरगडीखाली हात, कळ मागे उजव्या खांद्यापर्यंत, तळलेलं खाल्ल्यावर जास्त. “दहापैकी किती दुखतंय?” या प्रश्नाला मी “साडेनऊ!” असं असं काही ओरडलो की बर्वे खाली येऊन गेले. माझा चहा घेऊन ही आली तेव्हा तिचाही एक हात पोटावर होता. मुक्ताने सहज विचारलं, “काय गं मामी? दुखतंय का? दहापैकी किती?”

“थोडं. असेल दोन. तुमचं चालू दे.”

आमचं चालू राहिलं. मुक्ता संध्याकाळी क्लासला दादरला गेली आणि तिथेच मैत्रिणीकडे राहिली.

रात्री अकराला ही उठून बसली. मी रिक्षा काढून तिला एका इस्पितळात नेलं. नाव सांगत नाही. तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता, दूर दक्षिणेकडचा. दिवसभराच्या ड्यूटीने त्याचे डोळे मिटत होते. त्याची हिंदी शाळेत शिकलेली, हिची हिंदी भाजीवाल्यापुरती. “पोट में कालवता है,” हिने सांगितलं. ‘कालवता’चं त्याने काय केलं असेल ते तोच जाणे. “और पित्त हुआ है,” असं ती म्हणाल्यावर मात्र त्याचा चेहरा उजळला. ॲसिडिटी! त्याने दहापैकी किती विचारलं, ती “थोडा, दो” म्हणाली. त्याने पातळ औषध आणि गोळ्या दिल्या आणि आम्ही घरी आलो.

यात त्या पोराला दोष देणं फार सोपं आहे. पण मुक्ताच्या वहीत एक वाक्य होतं, जे मी तालमीच्या वेळी हसून सोडून दिलं होतं : दुभाषा म्हणून घरच्या माणसाला वापरू नये. आता आठवतो तर हिला विचारलेल्या अकरा प्रश्नांपैकी नऊंची उत्तरं मी दिली होती. “कधीपासून?” “आजच.” “काय खाल्लं?” “काल भजी झाली होती, त्याचंच असणार.” महिनाभर रोग्याचं काम करून मला सवय लागली होती. खरी रोगी बाजूला बसली होती आणि संवाद मी म्हणत होतो.

सकाळी मुक्ता आली. वही तिने टेबलावर टाकली आणि मामीच्या पलंगावर जाऊन बसली. मला म्हणाली, “मामा, तू बाहेर बस.” मी दाराबाहेर बसलो. दार उघडंच होतं.

“मामी, तू दोन म्हणालीस. याआधी जास्त कधी दुखलं होतं?”

“सुनीलच्या वेळी. दीड दिवस अडले होते.”

“ते दहापैकी किती होतं?”

हिने बराच वेळ विचार केला. मुक्ता मध्ये बोलली नाही.

“चार म्हण.”

“चार? मग दहा म्हणजे?”

“दहा म्हणजे माणूस जातं. तुझ्या आजीचं शेवटी शेवटी होतं ते. आपलं कसलं दहा?”

मी बाहेर खुर्चीचा हात धरून बसलो होतो. माझ्या हिशेबाने परवाची माझी दाढ साडेआठ होती.

“आणखी कुठे काही होतंय?”

“कुठे काही नाही. पाठीत उसण भरलीय, पण ती आपली वेगळी. उजवीकडे, इथे फऱ्याखाली. मामांनी बाम चोळला.”

इथे मुक्ता एकदम गप्प झाली. मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. हिच्या लेखी पित्त हे डॉक्टरांचं खातं आणि उसण हे नवऱ्याचं खातं. उसण कोणी डॉक्टरला सांगतं का? ती काढायची असते, बामाने नाहीतर शेकाने. त्यामुळे एकाच दुखण्याचं एक टोक इस्पितळात गेलं, दुसरं माझ्या हातात आलं, आणि दोन्ही टोकं हातात असलेली एकच व्यक्ती होती, जिला कोणी नीट विचारलंच नव्हतं.

“मामी, तुला भीती कसली वाटते?” हा बर्फातलाच प्रश्न. पण या वेळी मुक्ताने तो घड्याळाकडे न बघता विचारला.

“मला ठेवून घेतील गं. तुझं विमानाचं तिकीट काढलेलं, परीक्षा तोंडावर. आणि यांना तर साधा चहा येत नाही करता.”

मुक्ताने तिच्या उजव्या बरगडीखाली बोटं ठेवली आणि खोल श्वास घ्यायला सांगितलं. हिचा श्वास अर्ध्यावर अडला आणि तोंडातून आवाज निघाला. चाळीस वर्षांच्या संसारात तो आवाज मी ऐकलेला नव्हता.

पित्ताशयात खडे होते, आणि त्यात पू झाला होता. दुपारी दुसऱ्या इस्पितळात नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. आणखी थांबला असतात तर अवघड होतं, असं सर्जन म्हणाले. गंमत पाहा, हिने त्या रात्री सांगितलं होतं ते अक्षरशः खरं होतं : पित्तच झालं होतं! फक्त तिच्या पित्ताचा आमच्या सगळ्यांच्या डोक्यात अर्थ ठरलेला होता.

मग तक्ता आपल्या घराला तरी कुठे लागू पडला? एका छपराखाली राहणारी, एका जातीची, एका भाषेची, एकाच भांड्यातली आमटी खाणारी आम्ही दोघं. माझे साडेआठ आणि तिचे दोन यांच्यात इंग्लंड-हिंदुस्थानपेक्षा जास्त अंतर निघालं. आणि डॉक्टर मंडळींची तर निराळीच जमात. त्यांच्याकडे ‘पॉझिटिव्ह’ आलं की रडायचं आणि ‘निगेटिव्ह’ आलं की पेढे वाटायचे. त्या जमातीच्या चालीरीतींचा तक्ता मात्र रोग्यांना कोणी छापून देत नाही.

माझी टीका एवढीच, की हे शिक्षण ‘ते कसे असतात’ यापासून सुरू होतं. सुरू व्हायला हवं ‘मला काय ठाऊक नाही’ इथून. हा शोध माझा नाही. आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ सालीच सुचवून ठेवलं आहे, की रोग्यालाच विचारा : हे दुखणं कशाने झालं असं तुला वाटतं, आत्ताच का झालं, सगळ्यात भीती कशाची वाटते. १९९८ साली अमेरिकेतल्या टर्व्हलॉन आणि मरे-गार्सिया या दोघी डॉक्टरांनी तर म्हटलं, की परक्या संस्कृतीत प्रावीण्य मिळवायच्या गोष्टी सोडा, तिथे नम्रता हवी, आणि ती जन्मभर शिकावी लागते. प्रावीण्याचं प्रमाणपत्र देता येतं, नम्रतेचं कसं देणार? म्हणून क्लासवाल्यांना तक्ता बरा पडत असावा.

आपल्याकडे हे कोणी केलं नाही असंही नाही. १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ चालवणाऱ्या अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं होतं, की तुम्ही इस्पितळाला का भिता? लोकांनी सांगितलं, तिथे डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढरं तर आम्ही प्रेताला गुंडाळतो. शिवाय आमच्या माणसांना आमच्यापासून तोडतात. मग इस्पितळच झोपड्यांसारखं बांधलं, नातेवाइकांना रोग्याजवळ राहता येईल असं केलं आणि नाव दिलं त्यांच्या देवीचं, मा दंतेश्वरी. हे कोणत्या तक्त्यात सापडलं असतं? ते विचारूनच कळायचं. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं, हा त्यातला अवघड भाग. आठ मिनिटांत तोच सगळ्यात आधी कापला जातो.

मुक्ता परीक्षा पास झाली. आता तिकडे एका इस्पितळात आहे. परवा तिचा फोन आला.

“मामा, आज वॉर्डात एक इंग्रज आजोबा होते. कसं वाटतंय विचारलं तर म्हणतात, ‘नॉट टू बॅड’. तक्त्यात पाहिलं तर काळजीचं कारण नाही. पण पांघरूण मुठीत धरलं होतं.”

“मग?”

“मग काय, मामीच होती ती! खुर्ची ओढून बसले. विचारलं, याआधी जास्त कधी दुखलं होतं.”

“काय म्हणाले?”

“ते काही तुला सांगता यायचं नाही. पण वेळेवर कळलं, एवढं मामीला सांग.”

मी सांगितलं. ही काही बोलली नाही, डोळ्याला पदर लावला आणि कांदा तिखट असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी कांदा मी चिरत होतो. ऑपरेशननंतर तेवढं शिकलो आहे. चहाही येतो.

शिकता शिकता बोट कापलं गेलं आणि मी ओरडलो.

“दहापैकी किती?” तिने विचारलं.

“नऊ!”

तिने बोट उलटसुलट करून पाहिलं.

“म्हणजे अर्धा,” ती म्हणाली. “हळद लावा.”